पहिली जुजबंदी: घरच्या घरी वही बांधायला शिकताना

बांधणी शिकायला बसताना घरातलं लाडकं पुस्तक हातात घेऊ नका. आजोबांच्या कपाटातलं एखादं पुस्तक सुटं झालेलं असतं आणि तेच आधी नीट करावंसं वाटतं. ते सध्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. सुरुवात कोऱ्या वहीने करायची, आणि तीही एक नाही, तीन वह्यांनी. पहिल्या वहीत दोरा सैल राहतो, दुसरीत खळ जास्त होते, तिसरी कुणाला तरी द्यावीशी वाटते. जुन्या पुस्तकाची पाळी त्यानंतर.

इथे सांगतो आहे ती वही आठ जुजांची (जुज म्हणजे दुमडून एकात एक घातलेल्या पानांची घडी; अशा घड्या शिवून जोडायच्या ती जुजबंदी), १२८ पृष्ठांची, डेमी म्हणजे ८.५ × ५.५ इंची आकाराची, वर पुठ्ठा आणि कापड. प्रत्यक्ष हाताचं काम चार-पाच तासांचं आहे, पण दाबाखाली ठेवणं आणि वाळवणं धरून तीन दिवस हाताशी ठेवा. ज्याला घाई आहे त्याने शनिवारी सुरू करून रविवारी संपवायचा बेत करू नये. ओली वही उघडली की ती कायमची वाकडी होते.

आधी एक पुस्तक फोडून बघा

रद्दीवाल्याकडून पुठ्ठा बांधणीचं, शिवलेलं, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं एखादं पुस्तक आणा. ज्याच्या भरपूर प्रती निघाल्या असतील असं काहीतरी घ्या. जुनं क्रमिक पुस्तक उत्तम. पुठ्ठा हलकेच सोडवा आणि कण्याकडून पाहा. कागदाच्या घड्या एकीवर एक बसलेल्या दिसतील. एका घडीत आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं. हा एक जुज. छापखान्यात तेवढ्या मजकुराला फर्मा म्हणतात. तो छापून, घडी घालून बांधणीला आला की त्याचा जुज होतो. पृष्ठ १, १७, ३३, ४९ यांच्या तळाशी कोपऱ्यात पुष्कळदा एक बारीक आकडा सापडेल. तो वाचकासाठी नसतोच. फर्मे क्रमाने लागले आहेत ना, हे बांधणाऱ्याला कळावं म्हणून तो टाकलेला असतो.

पुस्तक खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलेलं असेल तर पानाच्या उलट बाजूवरून बोट फिरवा, अक्षरांचा उठाव जाणवतो. भिंग असेल तर शिरोरेघेच्या वर पाहा. मात्रा, रफार आणि अनुस्वार अक्षरापासून केसाएवढे सुटलेले दिसले तर तो डिग्री टाइप. अक्षराचा खिळा वेगळा, वरच्या मात्रेचा वेगळा, आणि अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ते एकावर एक रचलेले. फट नसेल तर बहुधा अखंड टाइप. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचं एखादं पुस्तक रद्दीत सापडलं तर अक्षरांच्या घाटासाठी ते तासभर पाहत बसा, पण ते मात्र फोडू नका.

आता दोरा शोधा. प्रत्येक जुजाच्या मधल्या पानावर तो दिसेल. हा दोरा जुजाच्या घडीतून जातो, म्हणून पुस्तक मधोमध उघडलं की सपाट पसरतं. हल्लीच्या कित्येक पुस्तकांत कण्याच्या घड्या कापून टाकतात आणि सुट्या पानांच्या कडांना गोंद लावतात. तिथे प्रत्येक पान आपापल्या कडेवर लटकत असतं. दिवाळी अंकाची पानं संक्रांतीपर्यंत गळायला लागतात ती यामुळेच. वाचनालयांत आणखी एक प्रकार दिसतो: कण्यापासून अर्धा इंच आत वरून टोचून सगळी पानं एकत्र शिवायची. ही शिलाई मजबूत असते हे खरं, पण पुस्तक उघडत नाही. वाचणारा ते जोर लावून दाबतो आणि जुना कागद शिलाईच्या रेघेवर तुटतो. माझ्याकडची दोन पुस्तकं अशीच गेली. मजबुतीच्या नावाखाली पुस्तकाचं उघडणंच बंद करणारी बांधणी मला बांधणी वाटत नाही.

ज्यांनी हाताने पोथ्या लिहिल्या त्यांनाही ही काळजी होती. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला वाचवा, असं पोथी स्वतःच म्हणते आहे, अशा अर्थाचा श्लोक लेखक शेवटच्या पानावर लिहून ठेवत.

सामान

कागद: मॅपलिथो (छपाईचा साधा पांढरा कागद), ७० किंवा ८० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), २३ × ३६ इंची चार ताव, शिवाय अस्तरासाठी, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटणाऱ्या पानांसाठी, थोडा जाड कागद. घरातले ए-फोर कागद वापरू नका. कारण पुढे येईलच.

पुठ्ठा: २ मिलिमीटर जाडीचा राखी बोर्ड.

कापड: बाइंडिंगचं कापड, नाहीतर धुऊन इस्त्री केलेलं घट्ट विणीचं सुती. फार पातळ कापडातून खळ वर येते आणि डाग पडतात. कण्याच्या आतून लावायला वीतभर मांजरपाट.

दोरा: जाड सुती, मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घेतलेला. मेणामुळे तो गुंतत नाही आणि भोकात धरून राहतो.

फीत: १२ मिलिमीटर रुंदीची सपाट सुती फीत. विणलेली सपाट नाडीही चालते.

हत्यारं: बोथट टोकाची सुई, बारीक टोचा, धारदार कटर, स्टीलची पट्टी, काटकोन पाहायला गुण्या, रुंद ब्रश आणि घडी दाबायला हाडाची पट्टी. ती मिळाली नाही तर बांबूची चीप काचकागदाने गुळगुळीत करून घ्या. दाबासाठी घरातले दोन लाकडी पाट, आणि वर ठेवायला पाटा.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला कागद आणि स्टेशनरीची दुकानं रांगेने आहेत. हातकागद हवा असेल तर पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, आणि दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे, जिथे गावाचं नावच या धंद्यावरून पडलं. पहिल्या वहीला मात्र साधा मॅपलिथोच घ्या. हातकागदाच्या घड्या जाड होतात आणि नवख्या हाताला कणा आवरत नाही.

खळ

एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. आधी एक वाटी गार पाण्यात मैदा गुठळ्या मोडून कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आंचेवर सतत ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली आणि चमच्यावरून दाट सांडगा पडला की उतरवा. साधारण दहा मिनिटं लागतात. पूर्ण गार झाल्यावर फडक्यातून गाळून घ्या. दोन दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या.

जुने बांधणीवाले खळीत मोरचूद टाकत, कसर लागू नये म्हणून. घरी हे करू नका. मोरचूद विषारी आहे, आणि तांब्याचा अंश कालांतराने कागदालाही खातो. त्यापेक्षा थोडी थोडी ताजी खळ करा.

फेव्हिकॉलबद्दल सगळेच विचारतात. कोऱ्या वहीच्या कण्याला थोडा लावलात तर बिघडत नाही. पण मी हात खळीवरच बसवला, कारण खळ ओल्या फडक्याने पुन्हा सुटते. फेव्हिकॉल वाळला की सुटत नाही. पुढे कुणाला ते पुस्तक दुरुस्त करायचं झालं तर कागद फाडूनच सोडवावं लागतं.

ग्रेन: इथेच बहुतेकांची पहिली वही फसते

यंत्रावर बनलेल्या कागदातले तंतू बव्हंशी एकाच दिशेने पडलेले असतात. ती दिशा म्हणजे ग्रेन. कागद ओला झाला की तंतू जाड होतात, लांब फारसे होत नाहीत, म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला पसरतो. ग्रेन कण्याला समांतर असेल तर पानं मोकळी पडतात. आडवा असेल तर पानं ताठ उभी राहतात, खळ लागताच कण्याजवळ लाटा येतात आणि त्या कधीच जात नाहीत.

ओळखायचं कसं? ताव न मोडता दोन्ही दिशांनी अर्धा वाकवून तळव्याने दाबून बघा. ज्या दिशेला कमी जोर लागतो, त्या घडीला समांतर ग्रेन. खात्री करायला एक तुकडा फाडा: ग्रेनच्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. पुठ्ठ्यालाही ग्रेन असतो, कापडालाही असतो. कापडाचा म्हणजे काठाच्या दिशेचा. सगळ्यांची दिशा कण्याला समांतर ठेवायची.

ए-फोर नको म्हटलं ते यासाठी. त्याचा ग्रेन सहसा लांबीच्या दिशेने असतो आणि अर्धी घडी घातली की तो कण्याला आडवा येतो. दुकानात ‘३६ इंची बाजूला ग्रेन’ असं सांगून ताव मागा.

कापणं आणि घड्या

प्रत्येक तावाचे ११.५ × ९ इंचांचे आठ तुकडे करा: २३ इंचांचे दोन भाग, ३६ इंचांचे चार. ९ इंचांची बाजू ग्रेनच्या दिशेची आहे ना, पाहून घ्या. एकेक तुकडा मधोमध दुमडला की ५.७५ × ९ इंचांची जोडपानं होतात. चार जोडपानं एकात एक घातली की आठ पानांचा एक जुज. म्हणजे एका तावात दोन जुज, चार तावांत आठ.

घडी घालताना कडा जुळवून डाव्या हाताने धरा, हाडाची पट्टी मधून सुरू करून आधी वर, मग खाली ओढा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका ओढीत नेली तर कागद सरकतो. हे मला एका बांधणीच्या दुकानात घड्या घालणाऱ्या मावशींनी दाखवलं. त्यांच्या हाताचा वेग बघून मी मोजायला लागलो होतो. त्या म्हणाल्या, मोजू नका, कडेकडे बघा. पुढे आठवडाभर मी नुसत्या घड्या घातल्या आणि तेवढ्यात माझं निम्मं काम सुधारलं.

आठही जुज दोन पाटांमध्ये ठेवून वर पाटा ठेवा. रात्रभर. सकाळी हवा निघून गेलेली असते आणि गठ्ठा निम्म्याने बसतो.

भोकं

जाड कागदाची ९ इंचांची, म्हणजे २२९ मिलिमीटरची पट्टी घ्या. तिच्यावर एका टोकापासून १५, ७०, ८३, १४६, १५९ आणि २१४ मिलिमीटरवर खुणा करा. ७० ते ८३ आणि १४६ ते १५९ या दोन जागांवर फिती येतील. ही पट्टी प्रत्येक जुजाच्या मधल्या घडीत ठेवून टोच्याने आतून बाहेर भोकं पाडा, घडीच्या अगदी रेघेवर. भोक सुईपुरतंच. वरची बाजू कोणती हे प्रत्येक जुजावर पेन्सिलीने खूण करून ठेवा. एक जुज उलटा झाला तरी भोकं चुकतात.

शिलाई

टेबलाच्या कडेला दोन फिती चिकटपट्टीने उभ्या ताणून लावा. पहिला जुज कणा फितींकडे करून ठेवा. वावभर दोरा घ्या, त्याहून लांब नको.

पहिल्या भोकातून बाहेरून आत जा, दोऱ्याचं बोटभर टोक बाहेर ठेवा. आतून दुसऱ्या भोकापाशी येऊन बाहेर या, फितीवरून जाऊन तिसऱ्यातून आत. चौथ्यातून बाहेर, दुसऱ्या फितीवरून, पाचव्यातून आत. सहाव्यातून बाहेर. सुई फितीतून जाऊ देऊ नका. फीत दोऱ्याखाली मोकळी सरकली पाहिजे.

दुसरा जुज वर ठेवा. त्याच्या सहाव्या भोकातून आत शिरा आणि तसंच उलट पहिल्या भोकापर्यंत या. बाहेर ठेवलेल्या टोकाशी दुहेरी गाठ मारा. तिसरा जुज वर ठेवून पुन्हा सहाव्यापर्यंत जा. इथून पुढे टोकाची गाठ येते: सुई खालच्या दोन जुजांना जोडणाऱ्या टाक्यामागून घाला, तयार झालेल्या फाशातून वर काढा आणि ओढा. मग चौथा जुज. प्रत्येक टोकाला हीच गाठ, शेवटच्या जुजाला दोनदा. दोरा संपला तर नवा दोरा जुजाच्या आतल्या बाजूला जोडा, गाठ बाहेर कण्यावर येऊ देऊ नका.

दोरा ओढायचा तो कायम कण्याच्या दिशेने, शिवत पुढे जाताय त्या बाजूला. आपल्या अंगाकडे ओढलात तर तो भोकातून कागद चिरत जातो. किती घट्ट? जुज एकमेकांवर बोटाने सरकवून पाहा. सरकले नाहीत आणि कणा मध्ये आवळून बारीक झाला नाही, तर ताण बरोबर आहे. दोऱ्यामुळे कणा थोडा फुगतोच, त्याने घाबरू नका.

कणा आणि कापणी

अस्तराचा कागद जुजाच्याच मापाचा दुमडून पहिल्या आणि शेवटच्या जुजाला कण्याकडून ३ मिलिमीटर खळ लावून चिकटवा. गठ्ठा कण्यावर आणि डोक्यावर, म्हणजे वरच्या कडेवर, ठोकून सरळ करा, पाटांमध्ये कणा थोडा बाहेर ठेवून दाबा आणि कण्याला पातळ खळ लावा, जुजांच्या फटीत मुरेल अशी. तासाभराने दुसरा हात द्या आणि त्यावर मांजरपाटाची पट्टी बसवा: कण्याहून दोन्ही बाजूंना ३ सेंटिमीटर रुंद, वर-खाली दीड सेंटिमीटर आखूड. रात्रभर वाळू द्या. फिती दोन्हीकडे ३ सेंटिमीटर ठेवून कापा.

आता तीन बाजूंची कापणी. कटरने १२८ पृष्ठं सरळ कापणं नवख्याला जमत नाही, म्हणून गठ्ठा जवळच्या बांधणीच्या दुकानात न्या. ८.५ × ५.५ इंच, म्हणजे २१६ × १४० मिलिमीटर, असं लिहून द्या आणि फिती, मांजरपाट आत दुमडून घेतल्यात ना, बघा.

या निमित्ताने होणारी ओळख फार मोलाची असते. जून महिन्यात जाऊ नका, शाळांच्या वह्या असतात. दिवाळीआधीचा महिनाही नको, अंकांची गर्दी असते. एरवी दुपारी, जेवणानंतरच्या वेळेला जा. स्वतः शिवलेला गठ्ठा दाखवला की बहुतेक काका हातातलं काम ठेवून कणा दाबून बघतात आणि काय चुकलं ते सांगतात. फोटो काढण्याआधी विचारा. काही काम हाताला द्या म्हणून मागा, आणि मिळेल ते करा, घड्या घालणं असो की फर्मे क्रमाने लावणं. व्हिडिओत हात दिसतो, पण कागद दाबताना किती जोर लावायचा हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

पुठ्ठा

मापं अशी: उंची गठ्ठ्याहून ६ मिलिमीटर जास्त, म्हणजे २२२. रुंदी गठ्ठ्याहून ४ मिलिमीटर कमी, म्हणजे १३६. कण्याची पट्टी २२२ उंच आणि रुंदीला गठ्ठ्याची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी. पुठ्ठा आणि कण्याची पट्टी यांच्यामध्ये दोन्हीकडे ७ मिलिमीटर मोकळी जागा. तीच पुस्तकाची बिजागरी. सगळं गुण्यात कापा.

कापड चारही बाजूंना २ सेंटिमीटर जास्त घ्या. कापडाच्या उलट बाजूला खळ मधून बाहेर अशी लावा, पुठ्ठे मांडा, उलटवून फडक्याने हवा काढा. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिलिमीटर कापड राखा, नाहीतर कोपरा उघडा पडतो. आधी वरची आणि खालची बाजू दुमडा, कोपऱ्यातलं कापड नखाने आत दाबा, मग डावी-उजवी बाजू. दाबाखाली वाळवा. पुठ्ठा कापडाच्या बाजूला थोडा वाकेल. आतून अस्तर चिकटलं की ते उलट ओढतं आणि पुठ्ठा सरळ होतो.

वही पुठ्ठ्यात बसवणं

गठ्ठा पुठ्ठ्यात ठेवून तिन्ही बाजूंना ३ मिलिमीटर कड सारखी आली का बघा. वरच्या अस्तराखाली रद्दी कागद सरकवा. फिती आणि मांजरपाट अस्तरावर चिकटवा, मग पूर्ण अस्तराला पातळ खळ लावा, रद्दी कागद काढा आणि पुठ्ठा एकदाच, न चाचपता, वर आणून मिटा. उघडून बघायची फार इच्छा होते, पण बघू नका. वही उलटी करून दुसरी बाजू तशीच. बिजागरीच्या खाचेत विणकामाची सुई दाबून धरा, अस्तराच्या आत बटर पेपर घाला आणि चोवीस तास दाबाखाली. पावसाळ्यात दोन दिवस, आणि मधे एकदा बटर पेपरच्या जागी कोरडा टीपकागद. ओल राहिली तर आठवड्यात बुरशी येते.

उघडताना वही कण्यावर उभी धरा. पुढची काही पानं दाबून खाली बसवा, मग मागची काही, पुन्हा पुढची, असं करत मध्यावर या. नवं पुस्तक एकदम मधोमध उघडलं तर कण्याला तिथेच चीर पडते.

मग जुनं पुस्तक

तीन वह्या झाल्या की आजोबांचं पुस्तक काढा आणि आधी ठरवा, ते शिवायचंच आहे का. कागद तपकिरी होऊन कोपरे हात लावताच तुटत असतील तर शिवू नका. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, असा कागद सुईचा ताण सोसत नाही. त्याला पुठ्ठ्याची पेटी करा. सुट्या पानांची पोथी असेल तर ती कधीही बांधायची नाही. तिचं बांधणं म्हणजे खाली-वर दोन फळ्या आणि भोवती सुती बासन, म्हणजे गुंडाळायचं फडकं. त्यात वेखंडाचे तुकडे वेगळ्या पुरचुंडीत ठेवायची आपल्याकडची जुनी रीत आहे, कसरीसाठी.

कागद चिवट असेल तर एकेक जुज सोडवा आणि सोडवण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. घडीत फाटलेल्या जोडपानांना पातळ हातकागदाची पट्टी खळीने लावा. चिकटपट्टी अजिबात नको; तिचा गोंद पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. शक्य असेल तर जुनीच भोकं वापरा. जुना पुठ्ठा, त्यावरचा शिक्का, मुखपृष्ठावर पेन्सिलीने लिहिलेलं कुणाचं नाव, किंमत, तारीख, यातलं काही फेकू नका. नवा पुठ्ठा घातला तर जुना पाकिटात घालून पुस्तकासोबत ठेवा.

काम झालं की मागच्या अस्तराच्या आतल्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहा: कधी बांधलं, दोरा कुठला, खळ कशाची, कुठली पानं जोडली.